वेब विकसक समुदायातील सहभाग

वेब विकसक समुदायातील सहभाग : संकेतस्थळे आणि वेबवर चालणारी साधने घडवणाऱ्यांनी इंटरनेटवरून एकमेकांच्या अडचणी सोडवणे, सामाईक कोडमधील चुका दाखवणे व दुरुस्त करणे, त्याची माहितीपत्रके लिहिणे, भाषांतर करणे आणि वेबच्या मानकांवरील चर्चेत मत मांडणे, या सगळ्या व्यवहाराला मिळून ही संज्ञा वापरली जाते. हे काम बहुधा विनामोबदला असते आणि ते करणाऱ्यांची एकमेकांशी प्रत्यक्ष ओळख सहसा नसते. ‘विकसक’ हा शब्द पुस्तकी आहे. कोल्हापुरात, आणि एकूणच मराठी बोलण्यात, ‘डेव्हलपर’ हाच शब्द रूढ आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्यांत पैरा नावाची रीत आहे. एका घरची माणसे व बैल दुसऱ्याच्या रानात राबतात आणि तो तेवढेच काम त्यांच्या रानात फेडतो. पैसे कोणाच्या हातात पडत नाहीत. यालाच काही भागांत सावड म्हणतात. विकसकांचा सहभाग याच जातीचा आहे, मात्र एक फरक महत्त्वाचा. पैऱ्यात कोणाचे किती दिवस फिटायचे राहिले हे दोन्ही घरांना ठाऊक असते, तर येथे ज्याने मदत केली त्याला ती परत मिळत नाही, तिसऱ्याच कोणाला तरी मिळते. ‘पैऱ्याने’ हा शब्द वेबवर लिहिताना जी अडचण येते ती पुढे विस्ताराने दिली आहे.

उगम : या समुदायाचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. एक मत तो ७ एप्रिल १९६९ पर्यंत मागे नेते. त्या तारखेला स्टीव्ह क्रॉकर यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरील संगणकांच्या जोडणीविषयी ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या मालिकेतले पहिले टिपण काढले. तांत्रिक निर्णयाला आदेशाचे रूप न देता अभिप्रायाची विनंती म्हणायचे, ही पद्धत तेथून आली. त्याच महिन्यातील तिसऱ्या टिपणात तर मजकूर घोटीव असण्यापेक्षा वेळेवर यावा, अशी अपेक्षा लिहून ठेवलेली आहे. दुसऱ्या मतानुसार यूझनेट, म्हणजे विषयवार गटांतून संदेशांची देवाणघेवाण करणारे संगणकजाळे, हे या समुदायाचे मूळ होय. त्याचा सन कोणी १९७९, तर कोणी १९८० देतात. पहिल्या सनात त्याची कल्पना पुढे आली आणि दुसऱ्यात ते चालू झाले, असे पाहिले म्हणजे हा भेद फारसा उरत नाही. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी आधी वाचावी व मगच विचारावे, हा शिष्टाचार यूझनेटवर रुळला. तिसरे मत मुक्त, म्हणजे कोणालाही बदलता व वाटता येणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या चळवळीला अग्रमान देते. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा २७ सप्टेंबर १९८३ रोजी केली आणि तीही यूझनेटवरच, त्यामुळे दुसरे व तिसरे मत परस्परांत गुंतलेले आहे.

वरील तिन्ही घटना वेबच्या आधीच्या आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबचा प्रस्ताव मार्च १९८९ मध्ये मांडला. ६ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांनी यूझनेटवरील हायपरटेक्स्टविषयक गटात त्याची माहिती दिली आणि त्याच वर्षी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-टॉक’ ही ई-मेल यादी सुरू झाली. या यादीवरील एक प्रसंग सहभागाचे स्वरूप समजण्यास फार उपयोगी आहे. २५ फेब्रुवारी १९९३ रोजी मार्क अँड्रीसन यांनी पानात चित्र बसवण्यासाठी नवा टॅग (पानाच्या स्रोतात लिहायची खूण) सुचवला. इतरांनी अधिक व्यापक पर्याय मांडले, चर्चा लांबली, आणि दरम्यान अँड्रीसन यांच्या मोझेइक ब्राउझरमध्ये तो टॅग उतरलाही. आज प्रत्येक विकसक तोच टॅग वापरतो. युक्तिवादापेक्षा चालता कोड वरचढ ठरतो, असा याचा अर्थ अनेकदा लावला जातो. तो पूर्ण खरा वाटत नाही, कारण तेव्हा बाजूला पडलेल्या सूचनांचा आशय पुढे वेगळ्या टॅगांच्या रूपाने वेबवर आलाच.

शिष्टाचार १९६९ च्या टिपणांतून आणि यूझनेटवरून आला असला, तरी वेब विकसकांचा स्वतंत्र समुदाय १९९१ नंतरचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. वेबपानाचा स्रोत कोणालाही उघडून पाहता येतो. हे पान कसे बांधले, हे पाहण्यासाठी कर्त्याची परवानगी लागत नाही, आणि या समुदायातील बहुसंख्य माणसे असे दुसऱ्याचे पान उघडूनच शिकली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्रज्ञान सर्वांसाठी खुले केल्यामुळे ही वाट कायमची मोकळी झाली. डब्ल्यू थ्री सी ही मानकसंस्था ऑक्टोबर १९९४ मध्ये, तर गिट ही कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली २००५ मध्ये आली. कोड ठेवून त्यावर मिळून काम करण्याचे गिटहब आणि प्रश्नोत्तरांचे स्टॅक ओव्हरफ्लो ही दोन्ही संकेतस्थळे २००८ ची. त्यानंतरचा सहभाग मोठ्या प्रमाणावर या दोन ठिकाणी घडला.

कोल्हापूर : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, ती आधी महानगरांत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आणि खासगी अभियांत्रिकी शिक्षण १९८० च्या दशकापासून आहे. त्यातून तयार झालेले विकसक पुण्या-मुंबईच्या आणि परदेशी कंपन्यांचे काम घरून करतात, तसेच गुळाचे व्यापारी, चप्पलविक्रेते आणि गुजरीतील सराफ यांची संकेतस्थळेही करतात. कोल्हापुरी गूळ (२०१४) व कोल्हापुरी चप्पल (२०१९) यांना भौगोलिक मानांकन मिळाल्याने मूळ नावाने ऑनलाइन विक्री करण्याला वजन आले. स्थानिक विकसकांची आपसातली विचारपूस मुख्यतः फोनवरील गटांत चालते. भाषा मराठी, संज्ञा इंग्रजी आणि संबोधन ‘भावा’ असते. जागतिक ठिकाणी मात्र ‘सर’ही नको आणि ‘भावा’ही नको, सरळ प्रश्न मांडावा, हे नवख्याला शिकून घ्यावे लागते. भारतीय प्रमाणवेळ वैश्विक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने युरोपातील उत्तरे येथे संध्याकाळी आणि अमेरिकेतील रात्री उशिरा येतात. फोनच्या गटांतली उत्तरे शोधयंत्रांना दिसत नाहीत, त्यामुळे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि मराठीत दिलेले चांगले उत्तर चार दिवसांत वाहून जाते. ही हानी खरी आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या आहेत, मराठी नाही.

प्रकार : प्रश्न विचारणे, उत्तर देणे, ‘इश्यू टाकणे’ म्हणजे चुकीची रीतसर नोंद करणे, आणि ‘पीआर पाठवणे’ म्हणजे दुरुस्त केलेला कोड स्वीकारण्याची विनंती करणे, हे मुख्य प्रकार होत. यांखेरीज माहितीपत्रकांतील दुरुस्ती आणि भाषांतर. वर्डप्रेस हे संकेतस्थळे बनवण्याचे साधन व फायरफॉक्स हा ब्राउझर या दोहोंचे मराठीकरण स्वयंसेवकांच्या हातून झाले आहे. परवाना न पाहता दुसऱ्याचा कोड उचलू नये, तसेच नोकरीतला कोड मालकाच्या संमतीशिवाय बाहेर देऊ नये.

संख्येसाठी केलेला सहभाग उपद्रवी ठरतो. हॅक्टोबरफेस्ट या, मुक्त प्रकल्पांना पीआर पाठवण्याच्या वार्षिक उपक्रमात २०२० साली टी-शर्टच्या आशेने पाठवलेल्या निरर्थक विनंत्यांचा एवढा पूर आला, की ज्या प्रकल्पांनी होकार दिला असेल त्यांच्यापुरताच तो मर्यादित करावा लागला. डिसेंबर २०२२ पासून स्टॅक ओव्हरफ्लोने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेल्या उत्तरांना मनाई केली.

‘ऱ्य’चा प्रश्न : मराठी विकसकाच्या सहभागाची खरी गरज कोठे आहे, हे या एका जोडाक्षरावरून समजते. मराठीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ वेगळे आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचे अर्थ वेगळे. हिंदीला हा भेद लागत नाही, त्यामुळे हिंदीपुरती तपासलेली प्रणाली येथे अडखळते. कोल्हापूर परिसरातल्या मजकुरात तर हे अक्षर पावलोपावली लागते : शेतकऱ्यांना, पैऱ्याने, कऱ्हाड, आजऱ्याचा घनसाळ (तांदूळ).

संगणकात भारतीय लिप्यांची चिन्हे कशी साठवावीत हे ठरवणारे भारतीय मानक आयएस १३१९४ (१९९१), म्हणजेच इस्की, यात हे रूप ‘ऱ’ अधिक हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह) असे लिहिले जाई. जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. तरीही युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९६) ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा, म्हणजे न दिसणारा, जोडक असा वेगळा क्रम दिला गेला. पुढे इस्कीशी मेळ राहावा म्हणून पहिला आणि जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून दुसरा, असे दोन्ही क्रम मान्य झाले. त्यांपैकी ‘ऱ’चा क्रम स्वीकारणे बरे. त्यात न दिसणारे चिन्ह नाही, आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो.

दोन्ही क्रम पडद्यावर एकसारखे उमटतात, संगणकाला मात्र ते भिन्न आहेत. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ‘ऱ’ आणि ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब) हे एक होतात, पण जोडक असलेला क्रम त्यांच्याशी एकरूप होत नाही. समजा, एका दुकानाच्या संकेतस्थळावर मालाचे नाव ‘आजऱ्याचा घनसाळ’ जोडकासह भरले आहे आणि गिऱ्हाइकाने ‘ऱ’ वापरून शोधले. नाव डोळ्यांसमोर असूनही शोध रिकामा येतो. उपाय म्हणजे मजकूर साठवण्यापूर्वी जोडकाचा क्रम बदलून ‘ऱ’चा करणे, आणि शोधशब्दावरही तीच क्रिया करणे.

हा प्रश्न समुदायापुढे मांडताना ‘मराठी चालत नाही’ एवढे लिहून भागत नाही. ते लिहिणाऱ्याचा त्रास खरा असतो, पण वाचणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसते. म्हणून दोन शब्द शेजारी द्यावेत, प्रत्येकातील चिन्हांचे युनिकोड क्रमांक लिहावेत, ब्राउझरची आवृत्ती सांगावी, काय अपेक्षित होते व काय दिसले हे वेगवेगळे सांगावे आणि चूक पुन्हा घडवून दाखवणारे दहा-वीस ओळींचे उदाहरण जोडावे. दोष कोणाकडे आहे हेही आधी चाचपावे. अक्षर तुटके उमटत असेल, तर फॉन्ट बदलून पाहावा. दुसऱ्या फॉन्टात ते नीट दिसले, तर नोंद फॉन्टच्या प्रकल्पात जायला हवी. सर्वच फॉन्टांत बिघडत असेल, तर संशय अक्षरजुळणीच्या प्रणालीवर येतो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींत ती हार्फबझ नावाची आहे. अक्षर नीट उमटूनही शोध चुकत असेल, तर दोष आपल्याच विदागारात (डेटाबेसमध्ये) आहे आणि कोणालाही त्रास देण्याचे कारण नाही. अशी नीट बांधलेली एक नोंद स्वीकारली गेली, तर ती दुरुस्ती पुढच्या आवृत्तीबरोबर ते साधन वापरणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाच्या फोनवर पोचते.

संलग्न प्रश्न : ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक युनिकोड ५.१ मध्ये (२००८) मिळाला, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात ते अक्षर अन्य जुळणीने लिहिलेले आढळते. ‘क्ष’सारखे जोडाक्षर मोजताना एक धरावे हा नियम १५.१ या आवृत्तीत (२०२३) आला. जुन्या साधनांत त्याची अजून दोन अक्षरे होतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे निराळी असली, तरी क्रमांक एकच आहे. वळण ठरते ते फॉन्टमधील सोयीवर आणि पानाची भाषा मराठी असल्याचे विकसकाने स्रोतात नोंदवले आहे की नाही यावर. ती नोंद नसेल, तर अनेक फॉन्टांत ‘कोल्हापूर’मधला ‘ल’ हिंदी वळणाने उमटतो.