फुल इन्शुरन्स आहे, तरी क्रेनचे पैसे खिशातून का?

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की महाराष्ट्र. शिनोळी आली की चंदगड तालुका, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. केए-22, म्हणजे बेळगावच्या पाटीची गाडी घेऊन आपण सकाळी कोल्हापूर गाठतो, संध्याकाळी परत घरी. पॉलिसीचा विचार मनात येत नाही आणि यायचं कारणही नाही. मोटार पॉलिसीत भौगोलिक क्षेत्र म्हणून भारत लिहिलेलं असतं, राज्याची हद्द ती मोजत नाही. पण हीच सवय घेऊन कुणी नेपाळला गाडी काढतो, कुणी लंडनला मुलाकडं जाऊन त्याच्या गाडीनं फ्रान्सला निघतो. तिथं कळतं की आपण एक समजत होतो ते दोन वेगळे कागद आहेत: एक गाडीचा विमा, दुसरा रस्त्यावरच्या मदतीचा करार. त्याला इथं आरएसए म्हणजे रोडसाइड असिस्टन्स म्हणतात, तिकडं ब्रेकडाउन कव्हर.

आधी घरचंच बघू. पॅकेज पॉलिसी, म्हणजे बोलीभाषेतला फुल इन्शुरन्स, गाडीवर बाहेरून काय कोसळलं ते विचारते. धडक, आग, चोरी, पूर, दरड, दंगल. आतून काय बिघडलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. नुकसानभरपाईच्या कलमाखाली एक ठरलेलं वाक्य असतं: परिणामी नुकसान, घसारा, झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, तुटफूट यांना कंपनी जबाबदार नाही. कंपनी कुठलीही असो, मजकूर जवळपास सारखाच, कारण तो 2002 च्या इंडियन मोटर टॅरिफमधून, म्हणजे मोटार विम्याच्या अटी-दरांच्या नियमावलीतून, चालत आला आहे. तेव्हा अल्टरनेटर गेला, क्लच प्लेट जळली, फ्युएल पंप बसला, तर पॉलिसी झिरो डेप (क्लेममधून घसारा न कापणारी) असली तरी क्लेम बसत नाही.

आरएसएचं उलटं. गाडी का थांबली यात त्यांना फारसा रस नसतो. ती कुठं उभी आहे आणि जागेवर चालू होईल का, एवढंच ते विचारतात. बॅटरीला जंप देतील, स्टेपनी बसवतील, किल्ली आत अडकली तर दार उघडून देतील, पेट्रोल आणून देतील (पेट्रोलचे पैसे बहुधा तुमचेच). नाहीच जमलं तर क्रेन. पण गाडी गॅरेजच्या दारात उतरवली की त्यांचं काम संपलं. सुट्या भागांचं आणि गॅरेजच्या मजुरीचं बिल तुमचं.

आणखी एक फरक, जो एजंट लोक क्वचितच सांगतात. पॅकेज पॉलिसीवर क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो, आणि तो पाच वर्षांत 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. आरएसएला बोलावल्यानं बोनसला धक्का लागत नाही. तरी 'बोनस जाईल' या भीतीनं किती तरी जण बॅटरी उतरली असताना फोन न करता ओळखीच्या मिस्त्रीची वाट बघत उन्हात बसतात. पैसे मोजून घेतलेली सोय तशीच पडून राहते.

गोंधळाचं मूळ क्रेनमध्ये आहे, कारण क्रेन दोन्हीकडं आहे. अपघात झाला असेल तर पॅकेज पॉलिसी जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेण्याचा खर्च देते. टॅरिफप्रमाणं खासगी कारला तो जास्तीत जास्त 1500 रुपये, दुचाकीला 300. आजच्या दरात एवढ्या पैशांत चोर्ला घाटाजवळच्या कणकुंबीहून बेळगावला फ्लॅटबेड क्रेननं गाडी आणणं अवघडच. आणि अपघात नसेल, नुसतीच बंद पडली असेल, तर तेही मिळत नाहीत. अशा वेळी कामाला येते ती आरएसएची क्रेन.

तिच्या पत्रकावर 'फ्री टोइंग' ठळक छापलेलं असतं. खाली बारीक अक्षरात कुठं 25 किलोमीटर, कुठं 50, कुठं 100, आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला दर. त्याहून बारीक असतं ते अंतर कुठून मोजायचं हे. काही करारांत गाडी उचलल्यापासून गॅरेजपर्यंत मोजतात, काहींत क्रेनचं जाणं-येणं धरून. घाटातल्या माणसाला हा फरक झोंबतो. क्रेन बेळगावहून निघून जांबोटी, कणकुंबी करत वर येणार, तेवढ्यातच निम्मे फुकट किलोमीटर संपलेले असतात. 'जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर' हे शब्दही नीट वाचा. चोर्ल्याच्या उतारावर गाडी पडली तर जवळचं सेंटर गोव्यातलं निघू शकतं, मग तुमचा मिस्त्री बेळगावात असला तरी क्रेन तिकडंच जाईल. शिवाय वर्षाला किती वेळा बोलावता येतं याला मर्यादा, आणि वेगळी घेतलेली आरएसए असेल तर सुरुवातीचे काही तास किंवा दिवस ती लागूच होत नाही. घाटात उभं राहून मोबाइलवर पैसे भरून सुटणाऱ्यांसाठीच ती अट घातलेली आहे.

पावसाळ्यात या दोन्ही कागदांच्या मधोमध एक खड्डा आहे. त्यात खानापूर भागातली माणसं दर वर्षी पडतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजात ऐकलेलं बोलणं असं होतं:

"काका, पाण्यात बंद पडल्यावर सेल मारला काय?"

"मारला की. चालू होते का बघावं म्हणून तीन-चार वेळा मारला."

"मग तिथंच घात झाला बघा. पाणी ओढलं इंजिनानं, रॉड वाकलाय."

गाडी पाण्यात अडकली हा पूर. सीट, कार्पेट, वायरिंग भिजली ते पॉलिसीत बसेल. पण बंद पडलेल्या इंजिनला पुन्हा सेल मारून रॉड वाकवला, तर विमा कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर ते परिणामी नुकसान म्हणून बाजूला काढतो. क्रेन आरएसएनं दिली, सीट विम्यानं धुऊन दिल्या आणि सगळ्यात मोठं बिल, इंजिनचं, दोघांच्याही बाहेर राहिलं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं तिसरंच ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा कव्हर, असतं. आमच्या पावसाच्या पट्ट्यात झिरो डेपच्याही आधी हे घ्यावं, असं माझं मत.

दोन्ही कागद एकमेकांना एका ठिकाणी मात्र भिडतात. पॅकेज पॉलिसीच्या अटींत लिहिलेलं असतं की अपघात किंवा बिघाड झाल्यावर आणखी नुकसान होणार नाही अशी खबरदारी घेतल्याशिवाय गाडी तशीच सोडून जायचं नाही, आणि दुरुस्तीआधी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. आरएसएची क्रेन उद्या सकाळी येणार म्हणून गाडी वळणावर सोडून एसटीनं घरी आलात, रात्री मागून ट्रक बसला, की सर्व्हेअर हीच अट पुढं करू शकतो. पार्किंग लाइट, त्रिकोण, शक्य तितकी कडेला घेतलेली गाडी, आणि हे सगळं दिसेल असे फोटो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ला फोन करा, तो दोन्ही कागदांशिवाय चालतो. पण त्यांचं काम रस्ता मोकळा करणं आणि गाडी सुरक्षित जागी लावणं, तुमच्या गॅरेजपर्यंत पोचवणं नव्हे.

नेपाळात कुठला कागद चालतो?

देशाची हद्द ओलांडली की दोन्ही कागद वेगवेगळे वागतात. विम्याला निदान दार आहे. मोटर टॅरिफमध्ये भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याची सोय आहे आणि त्यात बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव ही सहा नावं आहेत. टॅरिफचा दर पॅकेज पॉलिसीला सरसकट 500 रुपये आणि नुसत्या थर्ड पार्टीला (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारी पॉलिसी) 100, मुदत जास्तीत जास्त 12 महिने. जहाजातून किंवा विमानातून गाडी नेताना होणारं नुकसान त्यातून स्पष्ट वगळलेलं आहे. हे एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली लेखी नोंद) निघण्याआधीच कंपनीकडून छापून घ्यायचं. 'साहेब, नेपाळ चालतंय' असं एजंट फोनवर म्हणाला तर त्याला कागदाची किंमत नाही.

पण या पाचशे रुपयांत वाढतं ते विम्याचं क्षेत्र. आरएसए त्याच्याबरोबर आपोआप जात नाही. ते ॲड-ऑन असलं तरी त्याची सेवा भलतीच संस्था देते, तिच्या क्रेन आणि तिचे मिस्त्री भारतात आहेत आणि तिच्या अटींत बहुधा 'भारतातच' असं लिहिलेलं असतं. सोनौलीवरून आत जाऊन नारायणगढ ते मुगलिंग रस्त्यावर गाडीवर दगड पडला तर एन्डॉर्समेंट उपयोगी. त्याच रस्त्यावर वॉटर पंप गेला तर दोन्ही कागद डिकीतच राहणार. 1800 चा टोल-फ्री नंबर भारताबाहेरून सहसा लागतही नाही, त्यामुळं कंपनीचा साधा नंबर आधीच लिहून घ्यावा.

नेपाळात आणखी एक हिशेब आहे जो इथल्या कुठल्याच पॉलिसीत नाही. भारतीय गाडीला सीमेवर भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरावा लागतो आणि तो दिवसांवर असतो. परवान्यावर परतीची तारीख लिहिलेली असते. गाडी पोखऱ्याच्या गॅरेजात पार्टची वाट बघत उभी राहिली तरी ते दिवस चालूच राहतात आणि मुदत उलटली की दंड. म्हणून निघताना दोन-तीन दिवस जादा घेणं हाच तिथला खरा ब्रेकडाउन कव्हर. आणि एक फॅन बेल्ट, एक होज पाइप, फ्यूजचं पाकीट डिकीत टाकणं.

युरोपात गाडी मुलाची, कव्हर कुणाचं?

ब्रिटनमध्ये ब्रेकडाउन कव्हर लोक पूर्वीपासून वेगळंच विकत घेतात. आरएसी 1897 पासूनची संस्था, एए 1905 पासूनची. त्यामुळं विमा आणि मदत यांची गल्लत तिकडं कमी, पण बारीक अक्षरं जास्त. ब्रिटिश गाडीचा विमा युरोपियन युनियनमध्ये किमान थर्ड पार्टीपुरता आपोआप चालतो आणि ऑगस्ट 2021 पासून तिथं ग्रीन कार्डही (परदेशात विमा असल्याचा पुरावा) लागत नाही. 'किमान' हा शब्द महत्त्वाचा. घरी असलेलं स्वतःच्या गाडीचं पूर्ण संरक्षण फ्रान्समध्ये तेवढंच राहील असं नाही, पॉलिसीत बघावं लागतं. आणि ब्रिटनपुरतं घेतलेलं ब्रेकडाउन कव्हर इंग्लिश खाडीच्या अलीकडंच थांबतं. युरोपचं वेगळं घ्यायचं.

त्या युरोपच्या कव्हरात काय बघायचं? गाडीच्या वयाची मर्यादा. एका सफरीला दिवसांची मर्यादा. एका घटनेला पैशांची मर्यादा. सुटे भाग त्यात नाहीत, इथल्यासारखंच. 'गाडी परत आणून देऊ' या वाक्याला मात्र शेपूट असतं: गाडी आणण्याचा खर्च तिच्या बाजारभावापेक्षा कमी असेल तरच. मुलाची गाडी जुनी असेल तर कंपनी ती स्पेनमधून उचलून आणण्याऐवजी तिथंच भंगारात काढायला सांगू शकते.

फ्रान्सच्या मोटरवेवर तर आपल्या कंपनीला आधी फोन करूनच उपयोग नाही. ते रस्ते खासगी कंपन्या चालवतात आणि तिथं नेमलेली क्रेनच आत येऊ शकते. कडेच्या केशरी एसओएस फोनवरून किंवा 112 वरून कळवायचं, परावर्तक जाकीट घालून कठड्यापलीकडं उभं राहायचं. ती क्रेन सरकारी दरानं गाडी बाहेर काढते, पैसे बहुधा तिथंच द्यावे लागतात, आणि मग तुमच्या कव्हरचं काम सुरू होतं. पावती जपली तर ते पैसे परत मागता येतात, पण कव्हरमध्ये तसं लिहिलेलं हवं.

दुबईतल्या मंडळींसाठी थोडक्यात: ओमानला गाडी नेताना ऑरेंज कार्ड काढता तो थर्ड पार्टी विमा. गाडी मस्कतच्या वाटेवर बंद पडली तर त्या कार्डावर क्रेन येत नाही. भाड्याची गाडी असेल तर सीमा ओलांडायला मालक कंपनीची लेखी परवानगी आधी हवी. शिवाय टायर, काच, गाडीचा खालचा भाग आणि चुकीचं इंधन भरल्याचं नुकसान भाडेकरारात बहुधा वगळलेलं असतं.

उरला लंडनच्या मुलाचा प्रश्न. ब्रिटनमध्ये ब्रेकडाउन कव्हर दोन तऱ्हेचं मिळतं, गाडीवरचं आणि माणसावरचं. गाडीवरचं असेल तर ती गाडी कुणीही चालवत असो, मदत येते. माणसावरचं असेल तर तो माणूस गाडीत असायला हवा, मग गाडी कुणाचीही चालते. आई-वडील भारतीय लायसन्सवर तिथं 12 महिन्यांपर्यंत गाडी चालवू शकतात, म्हणून मुलगा विम्यात त्यांचं नाव घालतो आणि आपण ऑफिसला जातो. पण ब्रेकडाउन कव्हर त्याच्या एकट्याच्या नावावर, माणसावरचं, तसंच राहतं. बाबांची गाडी वाटेत थांबली की फोनवर पहिला प्रश्न येतो, "मेंबर गाडीत आहेत का?" तेव्हा गाडीची किल्ली हातात घेण्याआधी मुलाला हे विचारून घ्यावं, आणि माणसावरचं निघालं तर त्यात आपलं नाव घालायला लावावं.