आठ डॉलरांसाठी शपथ

दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे वगळता जोसेफ प्लंब मार्टिन यांनी १८२० साली शपथेवर सांगितलेली मालमत्ता एवढीच. १७७६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरले होते आणि १७८३ मध्ये सैन्यातून मोकळे झाले. आता साठी आली होती, अंगमेहनत झेपत नव्हती, बायको संधिवाताने बेजार. महिना आठ डॉलरांच्या पेन्शनीसाठी त्यांना घरातली गुरे मोजून दाखवावी लागली.

या गरिबीचे मूळ युद्धातच आहे. कॉन्टिनेन्टल काँग्रेस म्हणजे बंडात उतरलेल्या वसाहतींची संयुक्त सभा. तिच्या नोटांना शेवटी कवडीचीही किंमत उरली नाही. शिपायांना निरोप देताना त्यांच्या हातात थकलेल्या पगाराचे नुसते कागद पडले, आणि अनेकांनी ते मिळेल त्या भावाने सटोडियांना विकून टाकले. जखमींसाठी १७७६ पासूनच तरतूद होती. अधिकाऱ्यांना पाच वर्षांचा पगार कबूल झाला होता. धडधाकट परतलेल्या साध्या शिपायाला मात्र कोणी वाली नव्हता. मार्टिन यांनी ईशान्येकडच्या मेन प्रांतात जमीन कसायला घेतली, तर तिच्यावर हक्क सांगायला उभे राहिले हेन्री नॉक्स, म्हणजे त्याच सैन्याचे तोफखानाप्रमुख! त्यांचे पैसे चुकते करणे जमले नाही आणि जमीन हातची गेली.

पुढे उरायचा तो गावाचा आधार. इंग्लंडच्या १६०१ च्या कायद्याची ही रीत वसाहतींत रुजली होती: माणूस ज्या गावचा, त्या गावाने त्याला आपल्या करातून पोसायचे. साहजिकच, हा म्हातारा आमच्या गावचा नव्हेच, असे ठरवण्याकडे कल असे. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, कित्येक गावांत तर निराधारांचा उलटा लिलाव होई. वर्षभर सांभाळायचे सर्वांत कमी पैसे जो मागेल, त्याच्या घरी रवानगी.

लढलेल्या माणसावर ही वेळ येऊ नये, म्हणून मार्च १८१८ चा कायदा झाला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो स्वतः याच युद्धातल्या ट्रेन्टनच्या लढाईत जखमी झालेले. कॉन्टिनेन्टल सैन्यात, म्हणजे काँग्रेसने उभारलेल्या नियमित फौजेत, नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत नोकरी केलेल्या, हलाखीत असलेल्या शिपायाला महिना आठ डॉलर, अधिकाऱ्याला वीस. अर्जांची अशी रीघ लागली की सगळे अंदाज कोसळले. मग मे १८२० मध्ये काँग्रेसने फर्मावले, की प्रत्येकाने कोर्टात उभे राहून मालमत्तेची यादी द्यावी. त्या याद्या आजही वाचता येतात. जुनी किटली, खुर्च्या, कोणाचे किती देणे आहे तेसुद्धा. हजारोंची नावे कापली गेली. त्यांतली काही १८२३ च्या कायद्याने परत आली.

मला यात सर्वांत जास्त सलते ते हे, की मुळात थकलेला पगार मागणाऱ्याला आधी भिकेला लागल्याचा पुरावा द्यावा लागला. ही अट गेली जून १८३२ मध्ये. किमान सहा महिने सेवा केलेल्या सर्वांना, मिलिशियातल्यांनाही (म्हणजे स्थानिक नागरी फौजेतल्यांनाही), गरिबी न तपासता पेन्शन मंजूर झाली. युद्ध संपून तेव्हा ४९ वर्षे झाली होती.