एईडी घेतलंत, आता हे वाचा
सोसायट्या, जिम आणि कार्यालयांतील आमच्या ग्राहकांसाठी

एईडी, म्हणजे अचानक कोसळलेल्या माणसाच्या हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन, बसवायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: "चुकून भलत्यालाच शॉक बसला तर?" म्हणून मशीन आधी हृदयाची लय तपासतं. हृदयाचे खालचे कप्पे रक्त न ढकलता नुसते थरथरत असतील (डॉक्टर याला व्हीएफ म्हणतात) किंवा भलत्याच वेगाने धडधडत असतील, तरच शॉक मिळतो. लय ठीक असेल तर बटण दाबूनही काही होत नाही. सरळ रेघ आल्यावर शॉक देतात ते सिनेमात. शॉकचं काम हृदयातला विजेचा गोंधळ क्षणभर थांबवणं, म्हणजे मूळ लय पुन्हा ताबा घेऊ शकते.

तुम्ही बघायचं ते इतकंच: हलवूनही प्रतिसाद नाही, आणि श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत. मग एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने मशीन आणायचं, तिसऱ्याने तोवर छाती दाबत राहायचं: मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जाईल अशी. सीपीआर (हेच छाती दाबणं) आणि शॉकविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

मशीन सुरू करा, ते बोलून सांगतं. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. चित्र पॅडवरच आहे. घाम पुसा. मंगळसूत्र काढत बसू नका, बाजूला सरकवा. पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड थोडा लांब लावा. बाई कोसळली की लोक कचरतात, हे आम्ही प्रात्यक्षिकातही पाहतो. पॅड उघड्या त्वचेवरच लागतो. ओढणीचा आडोसा धरा, पण थांबू नका. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे पॅड असतात; ते नसतील तर मोठ्यांचेच, एक छातीवर आणि एक पाठीवर.

शॉकच्या वेळी कुणीही रुग्णाला हात लावायचा नाही. शॉक झाला की लगेच पुन्हा छाती दाबा. दर दोन मिनिटांनी मशीन परत तपासतं. "शॉकची गरज नाही" म्हणालं तरी श्वास नसेल तर दाबणं सोडू नका.

आता आमचा आग्रह. मशीन सेक्रेटरींच्या कुलूपबंद कपाटात ठेवू नका. वॉचमनच्या केबिनमध्ये, दिसेल असं टांगा. चोरीची भीती आम्हाला समजते, पण रात्री दोनला किल्ली शोधणार कोण? हिरवा दिवा रोज बघायला वॉचमनला सांगा. पॅडचा जेल सुकतो, म्हणून पाकिटावरची तारीख उलटली की ते बदला.

पॅड एकदाच वापरायचे. वापर झाला की फोन करा. त्या वेळची नोंद मशीनमध्ये राहते. डॉक्टरांनी मागितली तर काढून द्यायला आमचा माणूस येईल.