दुष्काळ वेगळा, उपासमार वेगळी

उन्हाळा लागला की आमच्या खान्देशातल्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "आपला सोमालिया होणार". आणि सोमालियात लेकरं भुकेने मेली की पेपरात हेडिंग येतं 'सोमालियात दुष्काळ'. भाऊ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा घोळ वाचून मला आता खरंच त्रास होतो.

दुष्काळ काय असतो हे धुळे-जळगाववाल्याला काय सांगायचं. पाऊस दडी मारतो, विहीर आटते, टँकर सुरू होतो, पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली लागते.

उपासमार, म्हणजे इंग्रजीत ज्याला famine म्हणतात ती, मात्र पावसावर ठरत नाही. ती जाहीर करायची पट्टी अशी: २० टक्के घरांत खायला जवळपास काहीच नाही, ३० टक्के पोरं तीव्र कुपोषित, आणि दर १० हजार माणसांमागे रोज २ मृत्यू. २० जुलै २०११ ला दक्षिण सोमालियातल्या दोन भागांत ती जाहीर झाली. पाऊस तर केनिया आणि इथिओपियातही हुकला होता, तिथे ती वेळ आली नाही.

सोमालियात १९९१ पासून धड सरकार नव्हतं, आणि दक्षिणेत अल-शबाब या सशस्त्र अतिरेकी संघटनेने बऱ्याच मदत संस्थांना बंदी घातलेली. तिथला माणूसही आपल्यासारखाच ज्वारी खाणारा, शेळ्या-उंट पाळणारा. चारा संपला की सगळेच एकदम जनावरं बाजारात काढतात, मग शेळीचा भाव पडतो आणि त्याच बाजारात ज्वारी चढत जाते, म्हणजे आधी एका शेळीत जेवढी ज्वारी यायची तिच्या निम्मीपण येत नाही. बाजारात धान्य दिसतंय पण घ्यायला हातात काही नाही, माणूस मरतो तो इथे! ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ मध्ये अंदाजे २ लाख ५८ हजार जीव गेले, त्यातली निम्मी पाच वर्षांच्या आतली लेकरं.

१९७२ ला पिकं आमचीही गेली होती. माझी आजी पारोळ्याकडे सरकारने काढलेल्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, हाताला घट्टे पडलेले, घरी मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकर आणि पोरांना सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर जवळपास ५० लाख लोक होते. हाल कमी नव्हते, मिलो घशाखाली उतरायचा नाही म्हणायची. पण मजुरीचा वार आला की ती बाजार करूनच घरी यायची, शेळी विकायची वेळ तिच्यावर आली नाही.