गरम पाणी आणि रिकामी घरं: बेकवेलच्या कॉटेज-सुट्टीची पार्श्वभूमी

बेकवेलला गरम पाण्याचं गाव व्हायचं होतं. इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये वाय नदीच्या काठावर वसलेल्या या बाजारगावात रट्लंडच्या सरदार घराण्यानं 1697 साली स्नानगृह बांधलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच घराण्यातल्या ड्यूकनं गावाचा मध्य नव्यानं आखायला घेतला. चौक मोकळा झाला, बाग आली आणि 1804 मध्ये रट्लंड आर्म्स हे हॉटेल उभं राहिलं. गरम झऱ्याच्या शेजारच्या बक्स्टन गावी जाणारे श्रीमंत पाहुणे इकडे वळतील, असा हिशेब होता. ते वळले नाहीत. बक्स्टनच्या झऱ्याचं पाणी बारा महिने 27-28 अंश असतं. बेकवेलचं पाणी त्याच्यापुढे थंडच. स्नानगृहाची इमारत आणि बाग अजून आहे, पण गावाचं नाव झालं ते आठवडी बाजारामुळे आणि बदामाच्या पुडिंगमुळे.

आज त्याच बेकवेलच्या भोवतालच्या टेकड्यांवर सुट्टीसाठी कॉटेज शोधायला गेलं, तर जाहिरातीत पहिलं दिसतं ते अंगणातलं 38 अंशांचं पाणी. हॉट टब म्हणजे उघड्यावरचं गरम पाण्याचं टाकं, दगडी घर, समोर मेंढ्यांची कुरणं आणि गाडीनं दहा मिनिटांवर बाजार. मँचेस्टर, शेफिल्ड, डर्बी, लेस्टर भागातल्या मराठी कुटुंबांनाही ही सुट्टी सोयीची पडते. दोन-तीन घरांनी मिळून एक कॉटेज घ्यायचं, वरणभात तिथंच शिजवायचा, मुलांना अंगणात सोडायचं. ही सोय नवीन वाटते, पण तिच्या मागे दोन जुन्या गोष्टी आहेत. एक आजाऱ्यांच्या स्नानाची, दुसरी ओस पडलेल्या घरांची.

स्नानाची गोष्ट रोमन लोकांपासून सुरू होते. बक्स्टनला त्यांनी अॅक्वे आर्नेमेटिए म्हटलं आणि तिथल्या झऱ्यावर वस्ती केली. सोळाव्या शतकात स्कॉटलंडची राणी मेरी श्रूजबरीच्या अर्लच्या नजरकैदेत होती. दुखण्यावर उपाय म्हणून तिला बक्स्टनच्या पाण्यावर जायची परवानगी मिळाली आणि 1573 पासून ती अनेकदा तिथे राहिली. पुढे डेव्हनशरच्या पाचव्या ड्यूकनं 1780 च्या दशकात झऱ्याशेजारी अर्धचंद्राकार भव्य इमारत बांधली. तोवर औषध म्हणून घ्यायचं पाणी हा श्रीमंतांचा रिवाज होऊन बसला होता.

याच भागात आणखी एक धारा निघाली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिला नैसर्गिक गरम झऱ्याची गरजच नव्हती. जॉन स्मेडली हा मोजे-कपड्यांच्या गिरणीचा मालक. स्वतः आजारी पडला, यॉर्कशरमध्ये जलोपचारानं बरा झाला आणि 1853 मध्ये बेकवेलपासून जवळच मॅटलॉकला त्यानं स्वतःचं जलोपचार केंद्र काढलं. ओल्या चादरीत गुंडाळणं, थंड-गरम पाण्याचे शेक, फवारे, चढावरून चालणं, साधं जेवण असा दिनक्रम असे. लोक आठवडेच्या आठवडे राहत. शहराच्या धुरातून निघायचं, डोंगरावर जायचं, पाण्यात बसायचं, चालायचं आणि ताजंतवानं होऊन परतायचं, हा सगळा बेत स्मेडलीच्या काळातच तयार झाला होता. विसाव्या शतकात वैद्यकशास्त्र पुढे गेलं, 1948 मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि असल्या उपचारांवरचा विश्वास ओसरला. स्मेडलीचं केंद्र 1950 च्या दशकाच्या मध्यात बंद पडलं. त्या अवाढव्य इमारतीत डर्बीशर काउंटी कौन्सिलची कचेरी आली.

पाणी बंद पडलं तेव्हा घरंही रिकामी होत होती. बेकवेलच्या परिसरात शेतीच्या जोडीला शिशाच्या खाणी होत्या. अकराव्या शतकात राजानं करवलेल्या डूम्सडे या जमीन-मालमत्तेच्या नोंदीतही बेकवेलजवळच्या शिशाच्या खाणीचा उल्लेख आहे. खाणकामगार बहुधा छोटा शेतकरीही असे: दोन गायी, थोडं कुरण आणि उरलेला दिवस जमिनीखाली. एकोणिसाव्या शतकात परदेशी शिसं स्वस्त झालं आणि इथल्या खाणींत पाणी भरू लागलं. ते उपसायचा खर्च परवडेनासा झाला. शेल्डन गावाजवळची मॅगपाय खाण थांबत-सुरू होत तगली, तिथलं काम 1950 च्या दशकात कायमचं संपलं. पुढे ट्रॅक्टर आले तशी शेतावरची माणसंही कमी झाली.

मागे राहिली ती चुनखडीच्या दगडाची घरं आणि गोठे. या गोठ्यांची रचना बघण्यासारखी आहे. खाली जनावरं, वर गवताचा माळा, माळ्यावर चढायला बाहेरून दगडी पायऱ्या आणि गवताला हवा लागावी म्हणून भिंतीत उभ्या अरुंद फटी. यंत्रानं बांधलेल्या गवताच्या मोठ्या गुंडाळ्या त्या माळ्यावर चढेनात, आणि गोठा निरुपयोगी झाला. आज त्याच फटींना काच बसवलेली असते, आणि माळा ही झोपायची खोली असते. पाहुण्याला त्या काचेतून कुरण दिसतं. ती खिडकी गवतासाठी होती, हे मालक सांगतो तेव्हाच कळतं.

सुट्टीचा हक्क मात्र लोकांना सहज मिळाला नाही. 1871 च्या कायद्यानं बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या दिल्या. पगारी रजेचा कायदा व्हायला 1938 उजाडलं. डोंगरावर पाय ठेवायलाही भांडावं लागलं, कारण माळरानं सरदार-जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली होती. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकारानं शेकडो कामगार याच भागातल्या किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसले. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि 1951 मध्ये बेकवेलभोवतीचा डोंगराळ प्रदेश, पीक डिस्ट्रिक्ट, हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. आज अंगणातल्या टबात बसून आपण ज्या डोंगराकडे बघतो, तो सर्वांसाठी मोकळा व्हावा म्हणून तरुण पोरं तुरुंगात गेली आहेत. ही गोष्ट जाहिरातींत कुठेही नसते, म्हणून ती इथे नोंदवावीशी वाटते.

रेल्वे बेकवेलला 1862 मध्ये आली. हॅडन हॉल या जुन्या वाड्याचा देखावा बिघडू नये म्हणून तिला बोगद्यातून न्यावं लागलं होतं. 1967 मध्ये स्टेशन बंद झालं. आता त्या मार्गावर मॉन्साल ट्रेल ही पायवाट आणि सायकलवाट आहे. गाडी बंद झाली तोवर लोकांकडे मोटारी आल्या होत्या, आणि मोटारीमुळे स्टेशनपासून दूरचं एकाकी शेतघरही सुट्टीच्या नकाशावर आलं.

शेतकऱ्याला या धंद्यात ओढणारं वर्ष 1984. त्या वर्षी युरोपीय समुदायानं दुधावर कोटा लावला, म्हणजे जास्त गायी पाळून जास्त कमवायची वाट बंद झाली. त्याच वर्षीच्या ब्रिटिश अर्थ कायद्यानं सुट्टीसाठी भाड्यानं दिलेल्या सुसज्ज घराला करापुरता धंद्याचा दर्जा दिला. निरुपयोगी गोठ्यावर पैसा घालायला दुसरं कारण लागत नव्हतं. 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा देशभर लाखो जनावरं मारली गेली आणि पायवाटा बंद झाल्या. शेतीही बसली आणि पाहुणेही. केवळ जनावरांवर विसंबून चालणार नाही, हे तेव्हा अनेक कुटुंबांना पटलं.

हॉट टब मात्र डर्बीशरचा नाही, तो कॅलिफोर्नियाचा. इटलीहून तिथे गेलेले जकूझी बंधू आधी विमानाचे पंखे आणि मग विहिरींचे पंप बनवत. कँडिडो जकूझी यांच्या मुलाला संधिवात होता. त्याला घरच्या टबात शेक मिळावा म्हणून त्यांनी पाण्यात बुडवायचा पंप केला आणि 1956 मध्ये तो विक्रीला आणला. त्याच घराण्याच्या तिसऱ्या पिढीतल्या रॉय जकूझी यांनी 1968 मध्ये पंप आणि टब एकत्र केले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात रेडवूडच्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून उघड्यावर बसायची रीत पडली. म्हणजे हाही प्रवास आजारापासून चैनीकडेच झाला.

पीक डिस्ट्रिक्टच्या हवेला हा टब चपखल बसला. इथला पाऊस आणि हिवाळा हीच मालकाची अडचण होती, कारण ऑक्टोबर ते मार्च घरं रिकामी राहत. बाहेर दोन अंश असताना 38 अंशांत बसायचं, हे उलट थंडीतच जास्त सुखाचं. करोनाकाळानं त्यात भर घातली. 2021 च्या वसंतात इंग्लंडमधली हॉटेलं 17 मेपर्यंत बंद होती, पण एकाच कुटुंबानं राहायच्या स्वतंत्र घरांना 12 एप्रिलपासूनच परवानगी मिळाली. सार्वजनिक स्पा नको, स्वतःचा टब बरा, असा तो काळ.

पण टब चालवणं दिसतं तितकं सोपं नाही. हजार-बाराशे लिटर पाणी 10 अंशांवरून 38 वर न्यायचं, तर तीन किलोवॉटच्या हीटरला अकरा ते तेरा तास लागतात. पाहुणे सकाळी दहाला निघतात आणि नवे दुपारी चारला येतात. मधल्या सहा तासांत टब उपसायचा, घासायचा, जंतुनाशक फिरवायचं, भरायचा आणि तापवायचा. गणित जमत नाही. म्हणून पहिल्या संध्याकाळी टब कोमट निघाला तर त्यात मालकाचा आळस नसतो. उलट तो आल्या आल्याच आयता गरम मिळाला, तर पाणी कधी बदललं ते विचारावं. 2012 मध्ये जवळच्या स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये एका दुकानात नुसत्या प्रदर्शनासाठी चालू ठेवलेल्या टबाच्या तुषारांतून लीजनेअर्स या फुफ्फुसांच्या आजाराची साथ पसरली आणि दोघांचा मृत्यू झाला. 2017 मध्ये सरकारी आरोग्य-सुरक्षा यंत्रणेनं अशा टबांसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली. भाड्याच्या घरांतले टबही तिच्या कक्षेत येतात.

आणि घरांचा प्रश्न राहतोच. बेकवेलची लोकसंख्या चार हजारांच्या आत आहे. राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे नवं बांधकाम फार मर्यादित, आणि जुनं घर आठवड्याच्या भाड्यानं देणं वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा किफायतशीर. मग गावातल्या शिक्षकाला, परिचारिकेला घर कुठे मिळणार? पडका गोठा दुरुस्त करून पाहुण्यांना देणं आणि नांदतं घर गावापासून काढून घेणं या दोन गोष्टींत फरक केला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. 1984 ची करसवलत त्यांच्यात तसा फरक करत नव्हती. ती सवलत 6 एप्रिल 2025 पासून रद्द झाली आहे. तिच्या जोरावर घेतलेली गावातली घरं आता कायमच्या राहणाऱ्यांकडे परत येतात की फक्त मालक बदलतात, ते येत्या काही वर्षांत कळेल. सोमवारचा बाजार चालू आहे, आणि मेंढ्या विकायला येणाऱ्यांत कॉटेजचे मालकही असतात.