मुंबई बंदरातील बेटदर्शन

मुंबई शहर आणि रायगडचा किनारा यांच्यामधल्या पाण्याला मुंबई बंदर म्हणतात. गेटवे ऑफ इंडियाच्या जेट्टीवरून स्पीडबोट ठरवायची, सोबत माहितगार घ्यायचा आणि या पाण्यातली बेटे, खडक, दीपस्तंभ पाहून परत यायचे, अशा सफरीला या नोंदीत बेटदर्शन म्हटले आहे. ‘दर्शन’ हा शब्द येथे नेमका बसतो. बंदराच्या आतल्या बेटांपैकी घारापुरी सोडले तर सर्वसामान्य माणसाला कुठेच उतरता येत नाही. काही बेटे नौदलाकडे आहेत, काही बंदर प्राधिकरणाकडे. बंद देवळाच्या कळसाला बाहेरूनच हात जोडावेत, तशी ती पाण्यावरून पाहायची.

मुंबई स्वतःच बेटांचा पुंजका होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात बेटे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या १६६१ च्या विवाहकरारात ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढे बांध घातले गेले, खाड्या बुजवल्या गेल्या. आज हाजी अलीवरून वरळीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलेल्याला आपण एके काळचा समुद्राचा फाटा ओलांडतो आहोत याची शंकाही येत नाही. पश्चिमेची आणि मधली बेटे अशी जमिनीत विरघळली. बेट म्हणून शिल्लक राहिली ती पूर्वेची, बंदरातली.

बेटे

गेटवेच्या कठड्याशी उभे राहिले की समोर पाण्यात तटबंदीचा एक ठेंगणा तुकडा दिसतो. ते मिडल ग्राउंड. कुलाब्याच्या बाजूला त्याचाच भाऊबंद ऑयस्टर रॉक आहे. दोन्ही ठिकाणी बंदराच्या रक्षणासाठी तोफा होत्या आणि दोन्ही आज नौदलाच्या ताब्यात आहेत. बोट त्यांच्या फार जवळ नेता येत नाही, कॅमेराही आवरता घ्यावा लागतो. भाऊच्या धक्क्यासमोरचे क्रॉस आयलंड, ज्याला चिनाल टेकडी असेही नाव आहे, झाडोऱ्याने भरलेले आणि निर्मनुष्य आहे. बहुतेक माहितगार त्याच्याविषयी एक वाक्य बोलून पुढे सरकतात.

जवाहर द्वीप हे जुने बुचर आयलंड. येथे तेलवाहू जहाजे रिकामी होतात आणि तेल नळांतून तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. २०१७ च्या ऑक्टोबरात वीज पडून येथील डिझेलच्या टाकीने पेट घेतला, तेव्हा धुराचा लोट शहरातून दिसत होता. एरवी या बेटाची मुंबईकराला आठवण होत नाही, जरी त्याच्या गाडीतले इंधन कदाचित याच बेटावरून आलेले असते.

घारापुरी गेटवेपासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. प्रशासनाच्या दृष्टीने ते मुंबईत नाहीच. रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात ते मोडते आणि शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तीन गावे त्यावर नांदतात. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण गावांत समुद्राखालच्या केबलमधून वीज पोचली ती २०१८ मध्ये. एकतीस वर्षांचे हे अंतर माहितगाराने सांगितलेच पाहिजे असे आहे. सहसा सांगत नाहीत. ऐहोळेच्या इ. स. ६३४ च्या शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेली ‘पुरी’ नगरी मत्त हत्तींच्या कळपांसारख्या शेकडो नौकांनी घेतल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असे काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. मानायचे ठरवले तर बंदरात आलेल्या आरमाराचे हे फार जुने आणि फार देखणे वर्णन ठरते.

पाणी

या सफरीत बेटांपेक्षा महत्त्वाचे काय असेल तर पाण्याची खोली. मुंबई बंदर वरून पसरट आणि निवांत दिसते, पण त्यात मोठी जहाजे चालतात ती खणून राखलेल्या ठरावीक वाटांवरूनच. वाट सोडली की गाळ, चिखल, खडक. ठाण्याच्या खाडीकडून आणि धरमतरच्या बाजूने येणारा गाळ पाण्याला चहाचा रंग देतो, त्यामुळे तळ डोळ्यांना दिसतच नाही. उधाणाच्या भरतीला पातळी साडेचार मीटरच्या वर चढते आणि त्याच दिवशी ओहोटीला एक मीटरच्या खाली उतरते. सकाळी ज्या खडकावरून बोट निर्धास्त गेली, तोच संध्याकाळी डोके वर काढून बसलेला असतो. शिवडीजवळ ओहोटीला चिखलाचे जे मैदान उघडे पडते, त्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या पायांची लांबी पाहिली की तिथे पाणी किती असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख खलाशी, भरतीची वेळ छापील तक्त्यावरून नव्हे, तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या किंवा पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. पाच-पन्नास मिनिटांचा फरक पडतो, पण हिशेब चुकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढते आणि कमी उतरते, ओढही मंद असते. पाठीचा त्रास असलेल्यांनी किंवा लहान मुले बरोबर असलेल्यांनी सफरीसाठी हेच दिवस निवडावेत. वारा हा दुसरा हिशेब. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो, तेव्हा बंदरात लाट जवळजवळ नसते. दुपारनंतर समुद्रावरचा खारा वारा जोर धरतो आणि परतीच्या वाटेवर अंग भिजते. सफर सकाळी आटोपावी असे धक्क्यावरचे लोक सांगतात ते केवळ उन्हासाठी नव्हे.

तिसरी गोष्ट जाळ्यांची. कोळ्यांची डोल जाळी खुंट्यांना बांधून ओढीच्या पाण्यात उभी केलेली असतात. वर दिसतात फक्त बोये, कधी बोया म्हणून लावलेला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन. जाळे पंख्यात अडकले तर इंजिन बंद पडते, आणि जाळे फाटले तर कुणाचा तरी हंगाम बुडतो. चांगला चालक बोया दिसताच वळसा घेतो.

खांदेरी

लांबच्या सफरी बंदराच्या मुखातून बाहेर पडून दक्षिणेला अलिबागजवळच्या थळच्या समोर खांदेरी-उंदेरीपर्यंत जातात. वाटेत उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर १८७५ चा प्राँग्ज दीपस्तंभ दिसतो.

शिवाजी महाराजांच्या माणसांनी १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारीच्या नेतृत्वाखाली खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला उभा राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली आणि ‘डोव्ह’ हे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती पडले. तरीही मोठ्या तोफांच्या जहाजांपुढे मराठी नौका समोरासमोर टिकणाऱ्या नव्हत्याच. त्यांचे बळ निराळे होते. त्या हलक्या होत्या, उथळ पाण्यात चालत, वारा पडला की वल्ह्यांवर पळत. रात्रीच्या अंधारात त्या इंग्रज जहाजांना चुकवून बेटावर दाणागोटा आणि दगड पोचवत राहिल्या, आणि पाठलाग करणारे जहाज थळच्या उथळ पाण्याशी येऊन थबके. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. १६८० च्या आरंभी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावले, म्हणून ही जोडी आज एकमेकींकडे तोफा रोखल्यासारखी उभी दिसते.

खांदेरीवर १८६७ चा दीपस्तंभ आहे, वेताळाचे देऊळ आहे, आणि ठोकल्यावर भांड्यासारखा नाद देणारा एक खडक आहे. वेताळावर किनाऱ्यावरच्या कोळ्यांची श्रद्धा आहे. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, पण बोलण्यात खांदेरीच राहिले. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचे स्थान मिळाले, त्यांत खांदेरी आहे. बंदराच्या एका टोकाला घारापुरी आणि मुखाबाहेर खांदेरी असे दोन जागतिक वारसे एका दिवसात स्पीडबोटीने गाठता येतात.

नौका

घारापुरीला नेहमी जाणारी लाकडी लाँच पाणी कापत जाते आणि साधारण तासभर घेते. स्पीडबोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. वेग वाढला की तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलली जाते आणि बोट पाण्यातून नव्हे, पाण्यावरून धावू लागते. त्यामुळे घासणी घटते आणि मांडव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटींना जो वेळ लागतो त्याच्या निम्म्याहून कमी वेळात ती पोचते. लाटेवरून उडून पुन्हा आपटणे हा त्याच गुणाचा दुसरा चेहरा. सर्वांत जास्त हादरे नाळेकडे बसतात आणि सर्वांत कमी वरामीकडे, म्हणजे मागे. छायाचित्रासाठी पुढची जागा भांडून घेणारा प्रवासी पंधरा मिनिटांत मागे जागा आहे का, असे विचारू लागतो, हे दर रविवारी घडते.

वेगाची हौस मुंबईला नवी नाही, पण ती परवडत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबई ते बेलापूर वॉटर टॅक्सी सुरू झाली, तेव्हा स्पीडबोटीचे एका माणसाचे भाडे आठशेच्या घरात होते. रोजच्या नोकरदाराने लोकलच पसंत केली. बेटदर्शनाची स्पीडबोट टिकून आहे ती सात-आठ जणांत भाडे वाटून घेणाऱ्या कुटुंबांच्या आणि कंपन्यांच्या सहलींच्या जोरावर.

नियमित हंगाम दिवाळीच्या आसपासपासून मेच्या उत्तरार्धापर्यंत. पावसाळ्यात गेटवे-मांडवा वाहतूक बंद असते. कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, तरी बंदराबाहेरचे पाणी निवळायला आणखी काही आठवडे जातात.

अपघात

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसाळा, अमावास्येच्या तोंडावरचे उधाण, गटारीला गावी निघालेल्या माणसांची गर्दी. लाटेचा मारा चुकवायला प्रवासी एका बाजूला सरकले आणि बोट कलंडली असे सांगतात. अलिबाग-उरण पट्ट्यात आजही बोटीत उगाच उठून फिरणाऱ्याला म्हातारी माणसे खाली बसवतात.

२४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातील शिवस्मारकाच्या कामाच्या कार्यक्रमाला निघालेली स्पीडबोट दीपस्तंभाजवळच्या खडकावर आदळून बुडाली, त्यात एकाचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर धडकली आणि १५ जण दगावले. त्यानंतर गेटवेवर प्रत्येक प्रवाशाला जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे झाले. जाकीट मांडीवर ठेवून बसणे म्हणजे घालणे नव्हे. पट्टे आवळलेले नसतील तर पाण्यात पडताक्षणी ते डोक्यावरून निघून जाते.

माहितगार

घारापुरीच्या लेण्यांपाशी वेगळे मार्गदर्शक मिळतात. बोटीवर मात्र माहिती सांगणारा बहुधा तांडेलच असतो, नाहीतर सहल कंपनीने पाठवलेला एखादा तरुण. तांडेलाला पाणी ठाऊक असते, तरुणाला सनावळ्या. दोन्ही ठाऊक असलेला माणूस मिळाला तर नशीब. त्याच्या दोन परीक्षा धक्क्यावरच घेता येतात. पंचम जॉर्ज गेटवेच्या कमानीतून मुंबईत उतरला असे तो म्हणाला तर तो ऐकीव बोलतो आहे. राजा आला डिसेंबर १९११ मध्ये, कमानीची पायाभरणी झाली १९१३ मध्ये आणि ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. या कमानीतून नक्की कोण गेले ते मात्र माहीत आहे. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी येथूनच जहाजावर चढली.

दुसरी परीक्षा हत्तीची. घारापुरी बेटाला एलिफंटा हे नाव देणारा दगडी हत्ती दाखवतो असे कुणी म्हणाले तर सावध व्हावे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारीची (क्रेनची) साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. पुढे ते सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. तो पाहायचा तर बोट लागत नाही. भायखळा स्टेशनला उतरून राणीच्या बागेकडे चालत जायचे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ तो उभा आहे.