चौकटीला रंग लावण्याआधी

जुन्या घराची डागडुजी निघाली की दारं-खिडक्यांच्या चौकटींवरून वाद ठरलेला. एकाला त्या पांढऱ्या हव्या असतात, म्हणजे खोली उजळेल. दुसरा म्हणतो, असलं लाकूड आता मिळत नाही, हात लावू नका. मला दोघांचंही पटतं. पण लाकूड काळं पडलंय हे दोघंही गृहीत धरून चालतात, आणि बरेचदा काळं पडलेलं असतं ते वरचं पॉलिश.

हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. दाराच्या मागची, बिजागरीजवळची जागा निवडा. खिडकी उघडी ठेवा, जवळपास आग नको. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट (पॉलिशवाले वापरतात ते, अल्कोहोलचं) घ्या आणि बोळा तिथे अर्धा मिनिट टेकवून ठेवा. तो चिकटायला लागला आणि उचलल्यावर तपकिरी दिसला, तर ते लाखेचं पॉलिश समजा. बोळे बदलत हळूहळू पुसत गेलात की धूर, धूळ आणि हातांचं तेल जिरून काळवंडलेला थर निघून येतो. खालून मधाच्या रंगाचं लाकूड आणि त्यातल्या रेषा दिसू लागतात. हा क्षण मी अनेकदा पाहिला आहे, तरी दर वेळी नव्याने आनंद होतो.

लाख ही कीटकांनी स्रवलेली राळ. पॉलिशमधलं स्पिरिट उडून गेलं की ती नुसती वाळते, त्यामुळे कितीही वर्षांनी पुन्हा स्पिरिटमध्ये विरघळते. नवा हात दिला की तो जुन्या थरात मिसळून जातो, म्हणून असं पॉलिश सगळं न खरवडताही सुधारता येतं. तेलाच्या वॉर्निशचं तसं नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात. त्यावर स्पिरिटचा फारसा परिणाम होत नाही. अशा वेळी सौम्य साबणाच्या पाण्याने, नीट पिळलेल्या फडक्याने मळ काढून बघावा.

रंगाची खरी अडचण लाकडाच्या रचनेत आहे. साग किंवा ओकच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या इतक्या रुंद असतात की त्यांची तोंडं नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. उघड्या लाकडावर मारलेला ऑइलपेंट त्यांत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. पुढे कधी तो काढायला गेलात, तर पृष्ठभाग साफ होतो, पण रेषारेषांत पांढरे ठिपके उरतात. ते जाईपर्यंत पॉलिश पेपर घासला की नक्षीच्या धारा बोथट होतात. रंग काय, पुढच्या वर्षीही लावता येतो. लावलेला काढून मूळ लाकूड जसंच्या तसं परत मिळवणं मात्र जवळजवळ अशक्य. म्हणून, नक्की ठरत नसेल तर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही काही ठिकाणी रंगच योग्य. जुन्या घरांतलं बरंचसं पाइनचं काम मुळात रंगवण्यासाठीच केलेलं असतं: गाठी असलेल्या फळ्या, वेगवेगळ्या लाकडांचे जोड, लांबी (पुट्टी) भरलेले खड्डे. ते उघडं करून काही हाती लागत नाही. उन्हात येणाऱ्या बाहेरच्या बाजूचंही तेच. लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन अतिनील किरणांनी मोडतं. साधं पारदर्शक वॉर्निश ते किरण बऱ्याच अंशी आत जाऊ देतं, मग खालचा लाकडाचा थर कमजोर होऊन वॉर्निशचे पोपडे निघतात. रंगातली रंगद्रव्यं हे किरण अडवतात.

रंगवायचंच ठरलं तर रंगाखालचं अस्तर, म्हणजे प्रायमर, जपून निवडा. गाठींमधली राळ आणि लाकडातली टॅनिन नावाची तपकिरी द्रव्यं पाण्यात कालवायच्या रंगातून वर येतात आणि पांढऱ्यावर पिवळे-तपकिरी डाग पडतात. लाखेवर आधारलेलं प्रायमर ते अडवतं. साग मुळात तेलकट, त्यामुळे रंगाची पकडही तिथे कच्ची राहते.

सगळ्यात गंभीर बाब शिशाची. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगं सर्रास असत. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. भारतात ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भाग रंगात शिशाचे ९० भाग, ही मर्यादा २०१७ पासून लागू आहे. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. म्हणून चौकटीवर आधीचे जुने रंग असतील तर कोरडं घासू नका आणि ज्योतीने जाळू तर मुळीच नका. आधी तपासणी करून घ्या. रंग घट्ट बसलेला असेल, तर त्याला न छेडता वरून नवा हात देणं हाच बहुधा सुरक्षित मार्ग.

राहिला उजेड. खोलीत भिंती आणि छत यांच्यापुढे चौकटींचं क्षेत्रफळ अगदी थोडं. प्रकाश परत फेकण्याचं बहुतेक काम भिंतीच करतात, त्यामुळे आधी भिंती फिक्या करून बघा. चौकटीवर वीतभर जागा साफ करून चार दिवस तशीच राहू द्या, आणि सकाळच्या उन्हात व रात्री दिव्याखाली ती कशी दिसते ते घरातल्या सगळ्यांनी पाहा.